शेंगोळे : एका पातेल्यातील अर्थशास्त्र

मराठी माणसाच्या जेवणाविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात सणावारांचे अन्न पुष्कळ आहे, रोजचे अन्न थोडे आहे आणि अडचणीचे अन्न जवळजवळ नाही. उकडीच्या मोदकाला आपल्या भाषेत मानाचे पान आहे. त्याला कळ्या किती असाव्यात, पारी किती पातळ असावी, यावर घरोघर चर्चा होते. हुलग्याच्या शेंगोळ्याच्या वाट्याला अशी चर्चा आलेली नाही. पाकक्रियेच्या दृष्टीने पाहिले तर हे दोन्ही पदार्थ एकाच कुळातले आहेत. पीठ मळायचे, हाताने त्याला आकार द्यायचा आणि वाफेवर किंवा पाण्यात शिजवायचे. एकात तांदूळ, नारळ आणि गूळ आहे. दुसऱ्यात हुलगा, लसूण आणि मिरची आहे. एक देवापुढे गेला, दुसरा चुलीपुढेच राहिला. पदार्थांच्या प्रतिष्ठेचा हा निवाडा जिभेने केलेला नाही. तो धान्याने केला, जमिनीने केला आणि अखेर जातीने केला.

प्रस्तुत लेखात शेंगोळ्याचा विचार करावयाचा आहे तो याच अंगाने. आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे आलेले हे ज्ञान कोणत्या परिस्थितीत घडले, पदार्थाची रचना अशीच का झाली, आणि आज या वारशाचे आपण काय करावयाचे, असे तीन प्रश्न आहेत. यांपैकी तिसरा प्रश्न तातडीचा आहे. पण पहिल्या दोहोंची उत्तरे हाती असल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही.

१

हुलगा म्हणजेच कुळीथ. हलक्या, मुरमाड जमिनीत, थोड्या ओलीवर येणारे हे कडधान्य. पाऊस दगा देतो तेथेही ते काही ना काही पदरात टाकते. बैलांना हुलगे भरडून, शिजवून घालण्याची रीत जुनी आहे. इंग्रजीत तर त्याचे नावच ‘हॉर्स ग्रॅम’ म्हणजे घोड्याचा दाणा असे पडले. धान्यांमध्येही एक उतरंड आहे. वर तांदूळ आणि गहू, त्याखाली ज्वारी-बाजरी, आणि तळाशी जनावरांच्या दावणीजवळ हुलगा. जे जनावराला चालते ते गरिबालाही चालते, हा हिशेब गावाने कधीच करून ठेवलेला होता.

या हुलग्याचे शेंगोळे पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागात आणि मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या होत आले आहेत. कोठे त्यांना शेंगुळे म्हणतात, कोठे शेंगोळी. कृती साधी आहे. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ मिसळायचे. लसूण, जिरे, लाल मिरची आणि मीठ एकत्र वाटून त्यातले निम्मे पिठात घालायचे. थोड्या पाण्यात घट्ट गोळा मळायचा; पीठ सैल झाले की पुढचे सारे बिघडते. मग तळहाताला तेलाचे बोट लावून लहान गोळी घ्यायची, दोन तळव्यांमध्ये किंवा ताटावर वळून बोटाएवढ्या जाडीची लांब वळी करायची आणि तिची दोन टोके एकमेकांवर आणून दाबायची. दुसरीकडे पातेल्यात चमचाभर तेलावर लसणाची फोडणी करून उरलेले वाटण परतायचे आणि सहा-सात वाट्या पाणी घालून आधण येऊ द्यायचे. पाणी खळखळून उकळू लागले की शेंगोळे एकेक करून सोडायचे. वीस-पंचवीस मिनिटांनी एक शेंगोळा मोडून पाहायचा. मध्ये कोरडा, फिकट गाभा दिसला तर तो अजून कच्चट आहे. दिसला नाही तर जेवायला बसावे.

या कृतीतले बारकावे सहसा सांगितले जात नाहीत. ते पाहून शिकले जातात. पाणी कोमट असताना शेंगोळे सोडले तर ते विरघळून पिठले होते. उकळत्या पाण्यात सोडले तर पिठातील स्टार्च पृष्ठभागावर तत्काळ फुगतो आणि त्याची एक पातळ कातडी तयार होते. आतला गोळा तिच्या आधाराने शिजतो. म्हणूनच पहिली काही मिनिटे पातेल्यात पळी घालायची नसते. शेंगोळे वळून झाले की परातीला लागलेले पीठ पाण्याने खरवडून तेही पातेल्यात ओतायचे. त्याने रस्सा दाट होतो, पिठाचा कण वाया जात नाही आणि परातही निम्मी धुऊन निघते. घरातील वडीलधारी बाई हे करते तेव्हा ती स्टार्चचे नाव घेत नाही. पण तिला जे ठाऊक आहे ते विज्ञानच आहे. त्याला फक्त प्रयोगशाळा लाभलेली नाही.

शेंगोळ्याचा गोतावळा मोठा आहे. मुठीत दाबून केलेले आणि बोटांचे वळ अंगावर घेऊन शिजणारे मुटके. तुरीची डाळ भिजवून, भरड वाटून वाफवलेले आणि कढीबरोबर खाल्ले जाणारे खानदेशातील फुनके. उकळत्या कढीतच शिजणारे विदर्भ-मराठवाड्यातील डाळीचे गोळे. आमटीत सोडलेल्या कणकेच्या चकोल्या, म्हणजेच वरणफळे. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे. आणि हुलग्याचेच, पण पातळ, आजाऱ्याला नि बाळंतिणीला पाजायचे माडगे. प्रदेश बदलला की नाव बदलते, पीठ बदलते. विचार तोच राहतो. हा विचार कोणता, ते आता पाहू.

२

शेंगोळ्याची रचना चार टंचायांनी केली आहे : धान्याची, पाण्याची, सरपणाची आणि बाईच्या वेळेची.

प्रथम धान्य. भाकरीला चांगले पीठ लागते. ज्वारीत किंवा बाजरीत गव्हासारखे ताणले जाणारे ग्लूटेन नसते. भाकरी थापता येते ती ताज्या पिठाच्या विरीवर आणि गरम पाण्याच्या जोरावर. पीठ जुने झाले, त्याची विरी गेली, की भाकरीला चिरा पडतात आणि ती परातीवरून उचलेपर्यंत मोडते. हुलग्याची तर नुसती भाकरी धड होतच नाही. परंतु ज्या घरात धान्य स्वतःच्या शेतातून येत नाही, ते निवडून घेण्याचा अधिकार नसतो आणि चार ठिकाणचे चार दाणे एका गाडग्यात जमा होतात, त्या घराने भाकरीचा हट्ट कोठवर धरावा? शेंगोळ्याला कोणतेही पीठ चालते. जाडेभरडे चालते, मिसळीचे चालते, विरी गेलेलेही चालते. तो पातळ नसल्यामुळे फाटत नाही आणि आखूड असल्यामुळे मोडत नाही. शिवाय भाकरीला सोबत कालवण लागतेच. येथे कालवण आणि भाकरी एकाच पातेल्यात आहे. भाजीसाठी वेगळा पैसा नाही, डाळीसाठी वेगळा पैसा नाही.

पोषणाच्या दृष्टीनेही ही मिसळ शहाणपणाची आहे. शंभर ग्रॅम हुलग्यात वीस ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. ज्वारीत त्याच्या निम्मी. तृणधान्यात लायसीन हा प्रथिनघटक कमी पडतो, तो कडधान्यात भरपूर असतो. कडधान्यात मेथिओनीन कमी असते, ते तृणधान्य भरून काढते. दोन अपुऱ्या धान्यांनी मिळून एक पुरेसे अन्न तयार होते. कडधान्यात पचनाला अडथळा करणारी काही द्रव्ये असतात, ती दीर्घकाळ उकळल्याने पुष्कळशी निष्प्रभ होतात. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला शेंगोळ्याने ‘आधार’ वाटतो असे म्हणतात, त्यामागे ही कारणे आहेत.

दुसरी टंचाई पाण्याची. शेंगोळे ज्या पाण्यात शिजतात ते पाणी टाकून देत नाहीत, तोच रस्सा. स्वयंपाकाला एक भांडे, घासायलाही एक भांडे. डोक्यावरून आणलेल्या प्रत्येक घागरीचा येथे हिशेब आहे.

तिसरी टंचाई सरपणाची. भाकरीला तवा सतत तापलेला हवा आणि जाळ हाताशी हवा. शेंगोळ्याला एकदा आधण आले की पुढे तुराट्या, पऱ्हाट्या किंवा गोवरीचा मंद विस्तव पुरतो.

चौथी टंचाई वेळेची, आणि हीच सर्वांत कमी बोलली जाते. आठ माणसांच्या घरात प्रत्येकी दोन म्हटल्या तरी सोळा भाकऱ्या होतात. प्रत्येक भाकरी वेगळी थापायची, वेगळी भाजायची, वेगळी शेकायची. तेवढा वेळ धुरात बसायचे. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपून दिवेलागणीला घरी आलेल्या बाईला हे एक दुसरे खुरपणच होते. शेंगोळ्याचे पीठ एकदाच मळायचे. वळायला घरातली पोरे बसतात. पातेले चुलीवर चढले की बाई लेकराला पदराखाली घेऊ शकते, भांडी घासू शकते, क्षणभर पाठ टेकू शकते.

पोरे वळायला बसतात, ही गोष्ट लहान नाही. हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाते ते याच जागी. पाच-सहा वर्षांच्या मुलाने वळलेला शेंगोळा जाडजूड आणि वेडावाकडा होतो. तो शिजायला वेळ घेतो. आणि ताटात तो ज्याचा त्याला ओळखू येतो. जाड वळले की कच्चे राहते आणि सैल मळले की विरघळते, हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. ते त्याला त्याच्याच ताटात कळते. ज्या समाजाला शतकानुशतके पाटी-पुस्तकापासून दूर ठेवण्यात आले, त्याने आपल्या शिक्षणाच्या पद्धती हाताच्या आधाराने उभ्या केल्या. चुलीसमोरची ती परात हा त्यातलाच एक फळा.

३

येथपर्यंत जे सांगितले ते कोणत्याही कोरडवाहू गरीब घराला लागू आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो काही अंशी खरा आहे. शेंगोळे कुणब्याच्या घरी होतात, माळ्याच्या घरी होतात, धनगराच्याही घरी होतात. हा एकट्या दलितांचा पदार्थ आहे, असा दावा करण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. वर सांगितलेल्या चारही टंचाया निसर्गाने सर्वांना सारख्या वाटलेल्या नव्हत्या. त्यांची वाटणी गावाने केली होती.

धान्य घ्या. बलुतेदारीत महाराचा वाटा खळ्यावरच्या राशीतून यायचा. तो किती आणि कसला, हे देणाऱ्याच्या मर्जीवर असे. आणि पुष्कळदा राशीच्या तळचे मातेरेही वाटा म्हणूनच पदरात पडे. त्याच्या मोबदल्यात वतनाच्या नावाखाली सारे कुटुंब गावाच्या नि सरकारच्या कामाला बारमाही बांधलेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले ते ही गुलामी ओळखूनच. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली झाला. तोपर्यंत आपल्या चुलीवर काय शिजणार हे ठरवण्याचा अधिकार त्या चुलीकडे नव्हता.

पाणी घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यानुसार ठरावही केला. तरी चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला, आणि तेही हजारोंच्या संख्येने चालत जाऊन. विहिरीपासून दूर उभे राहून, कोणी वरून ओंजळभर पाणी घागरीत ओतील म्हणून ताटकळणाऱ्या बाईच्या घरात एका पातेल्याचा स्वयंपाक का वाढला, याचे उत्तर पाकशास्त्रात नाही. ते पाणवठ्यावर आहे.

महाडला त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तिचा उल्लेख व्हावा तितका होत नाही. पाणी घेऊन लोक मंडपात परतले. काही जण जेवायला बसले होते. हे लोक आता मंदिरातही घुसणार, अशी हूल गावात उठवली गेली आणि जमाव मंडपावर चालून आला. माणसांना मारहाण झाली आणि शिजलेले अन्न मातीत मिसळले गेले. पाण्यावर हक्क सांगणाऱ्यांचा सूड त्यांच्या अन्नावर उगवला गेला. अन्न ही आपल्याकडे केवळ पोटाची बाब कधीच नव्हती.

४

याच महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, दारोदार मिळणारे शिळे तुकडे घेणे सोडा. या उपदेशाचा अर्थ नीट लावला पाहिजे. तो सोवळेपणाचा उपदेश नव्हता. मांस अपवित्र आणि भाजी पवित्र, असे त्यात नव्हते. जे अन्न अपमानाच्या मोबदल्यात मिळते आणि जे स्वीकारताना मान खाली घालावी लागते, ते नाकारा. मग पोट अर्धे राहिले तरी चालेल, असा त्याचा गाभा होता. त्या हाकेला लोकांनी प्रतिसाद दिला, आणि त्याची किंमत उपासमारीने मोजली. गावानेही ती वसूल करायला कमी केले नाही.

या उपदेशाच्या उजेडात आपल्या वारशाचे दोन भाग पाडता येतात. एक लादलेले अन्न आणि दुसरे घडवलेले अन्न. उष्टे, शिळे, ओढून नेलेले हे लादलेले. त्याची आठवण ठेवावी, ती आपल्या आत्मकथनांनी ठेवलीही आहे. ‘बलुतं’ (१९७८) पासून पुढे आलेल्या या वाङ्मयात भूक हे जणू एक स्वतंत्र पात्र आहे. पण लादलेल्या अन्नाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. शेंगोळा घडवलेल्या अन्नात मोडतो. त्याचे पीठ कदाचित बलुत्यातून आले असेल, मजुरीच्या पायलीतून आले असेल. पण त्याचा आकार, त्याची कृती, अपुऱ्यातून पुरते करण्याची त्यातली बुद्धी कोणी भिक्षेत घातलेली नाही. ती आपल्या आयाबायांची स्वतःची निर्मिती आहे.

हा भेद आपणच प्रथम करतो आहोत असे नाही. १९७२ साली दलित पँथरने ज्यांच्याकडून नाव आणि प्रेरणा घेतली त्या अमेरिकेतील काळ्या लोकांमध्येही हाच वाद पेटला होता. गुलामगिरीत त्यांना शिधा मोजून मिळत असे. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे की प्रौढ गुलामाला महिन्याला आठ पौंड डुकराचे मांस किंवा तितकेच मासे, आणि एक बुशेल मक्याचे पीठ दिले जाई. मालकाच्या मुदपाकखान्यातून उरलेली आतडी, खूर, माना गुलामांच्या वस्तीत येत. त्या मक्याच्या पिठाचे गोळे पालेभाज्या शिजवलेल्या पाण्यात सोडून त्यांच्या बायकांनी जेवण उभे केले. एक पातेले, टाकून न दिलेले पाणी आणि हाताने वळलेले पीठ : समुद्रापलीकडे, दुसऱ्या धान्यावर, तीच बुद्धी चालली.

१९६० नंतरच्या दशकात या अन्नाला ‘सोल फूड’ हे नाव रूढ झाले. कवी लेरॉय जोन्स, म्हणजेच नंतरचे अमिरी बराका, यांनी १९६२ साली या अन्नाच्या बाजूने निबंध लिहिला. काळ्या लोकांना स्वतःचे असे खाद्य नाही, हे म्हणणे त्यांनी खोडून काढले. उलट ‘नेशन ऑफ इस्लाम’चे एलिजा मुहम्मद यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात हे गुलामीचे अन्न आहे, ते शरीराला घातक आहे, सोडून द्या, असे बजावले. एकाने घडवणारे हात पाहिले, दुसऱ्याने लादणारा हात पाहिला. दोघांचेही पाहणे खरे होते. आपल्यालाही दोन्ही हात एकदम पाहता आले पाहिजेत.

५

तिसरा एक हात पाहायचा राहतो, आणि तो घराच्या आतला आहे. शेंगोळ्याचे पातेले वाढत असते, पण शेंगोळे वाढत नाहीत. पाहुणा आला की रस्स्यात पाणी वाढते. शेंगोळे पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात मोजून जातात. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला तळचा रस्सा आणि त्यात मोडून पडलेले दोन तुकडे येतात. ‘मला रस्साच आवडतो’ असे म्हणणाऱ्या बायका आपल्यापैकी अनेकांच्या घरात होऊन गेल्या. ती आवड होती की सवय, हे त्यांना कोणी विचारले नाही. बाहेरच्या उतरंडीविरुद्ध लढणाऱ्या घरांनीही आतली उतरंड जशीच्या तशी ठेवली. शेंगोळ्याचा गौरव करताना ही गोष्ट गाळली तर तो गौरव पुरुषांचा गौरव होईल. हे ज्ञान ज्यांनी जन्माला घातले त्याच त्याच्या शेवटच्या वाटेकरी होत्या.

६

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. या वारशापुढे आज दोन धोके उभे आहेत.

पहिला धोका लाजेचा. शिकलेल्या, नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या घरांतून हुलगा हद्दपार होत आहे. शहरातल्या वसाहतीत शेजाऱ्याला लसणाचा आणि हुलग्याचा वास जाईल म्हणून खिडकी लावून घेतली जाते. मुलाच्या डब्यात पोळी-भाजी दिली की तो वर्गात वेगळा दिसत नाही, हे आईला ठाऊक असते. ही लाज समजण्यासारखी आहे. डब्यावरून जात ओळखणारे डोळे अजून मिटलेले नाहीत. पण अशा रीतीने पाऊणशे वर्षांच्या एका बाईच्या हातातील कसब तिच्याबरोबरच संपते, आणि घरात त्याची साधी नोंदही उरत नाही.

दुसरा धोका याच्या उलट दिशेने येतो, तो प्रतिष्ठेचा. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. ज्वारी-बाजरीला ‘श्रीअन्न’ असे नाव मिळाले. शहराच्या वेशीवर ‘गावरान’ पाट्या लागल्या, मातीच्या भांड्यात शेंगोळे आले. कष्टकऱ्यांच्या धान्याला भाव मिळाला याचा खेद करण्याचे कारण नाही; शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे पडत असतील तर ते स्वागतार्हच आहे. आक्षेप आहे तो नाव पुसण्याला. ज्या अन्नामुळे माणसे हिणवली गेली तेच अन्न ‘आपली प्राचीन परंपरा’ म्हणून मांडले जाते, तेव्हा ‘आपली’ या शब्दात हिणवणारा आणि हिणवलेला दोघेही एका पंगतीला बसवले जातात. इतिहासात ती पंगत कधी बसलेली नव्हती.

या दोन्ही धोक्यांवर उतारा एकच दिसतो : नोंद. मराठीत पाककृतींची पुस्तके थोडीथोडकी नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचे, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. या पुस्तकांनी मध्यमवर्गीय स्वयंपाकघराला वाटी-चमच्याचे माप दिले; ते काम मोलाचे आहे. मात्र जिन्नस घरात आहेत हे अशा पुस्तकांचे गृहीत असते. ते घरात कसे आले, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. आपली नोंद त्या प्रश्नापासून सुरू झाली पाहिजे. याची सुरुवात झालेली आहे. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींवर काम करून पुस्तिका काढली. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवरचे पुस्तक २०१५ साली आले. २०२४ साली ते इंग्रजीतही गेले. या वाटेवर अजून पुष्कळ पावले पडायला हवीत, आणि ती विद्यापीठाची वाट पाहत थांबू नयेत.

शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी हे काम गावपातळीवर हाती घेणे शक्य आहे. विद्यार्थ्याने आपल्या आजीजवळ बसून एक पदार्थ लिहून घ्यावा. पण केवळ जिन्नस आणि कृती लिहून थांबू नये. पीठ कोठून येत असे : स्वतःच्या शेतातून, बलुत्यातून, मजुरीतून की रेशनच्या दुकानातून? पाणी कोणत्या पाणवठ्यावरून येत असे आणि ते स्वतःच्या हाताने भरता येत होते काय? चुलीत काय जळत असे आणि ते कोण गोळा करी? हा पदार्थ कोणत्या वेळी होई, कोणत्या वेळी मुळीच होत नसे? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या घरांत सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी शिजली, तेव्हा तिचे काय काय करून पाहिले? सर्वांत शेवटी कोण जेवत असे आणि तिच्या ताटात काय उरे? कोणासमोर हा पदार्थ खायला संकोच वाटे? इतके प्रश्न विचारले तर एका शेंगोळ्यातून त्या गावाचा अर्धा इतिहास हाती येतो. सांगणाऱ्या बाईचे नाव, तिची परवानगी घेऊन, त्या नोंदीच्या माथ्यावर लिहावे. आजवर तिच्या कृतीला नाव होते, तिला नव्हते.

आणि लिहून झाल्यावर तो पदार्थ एकदा करावा. मुलांनी वळावा, मुलींबरोबर मुलग्यांनीही. पहिला घास ज्या बाईने शिकवले तिला द्यावा. रश्शाचा नव्हे, शेंगोळ्याचा.